गुडघा दुखायचा थांबला, म्हणून इंजेक्शन थांबवू नका



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करताना एक ताई म्हणाल्या, "पोरीचा काल गुडघा दुखत होता, आज घोटा. वाढीचं वय, दुसरं काय!" शेजारच्या ताईंनी लगेच कोणतं तेल चोळायचं ते सांगितलं. मी विचारलं, "दोन-तीन आठवड्यांपूर्वी तिला घसा दुखून ताप आला होता का?" आला होता. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे, पण हा प्रश्न आरोग्याच्या प्रशिक्षणात पक्का डोक्यात बसलाय.

सर्दी-खोकल्याबरोबर दुखणारा घसा बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पण खोकला नाही, नुसता ताप, गिळताना दुखतंय आणि गळ्याला गाठी, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असू शकतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. ते या जिवाणूवर तुटून पडतात. अडचण अशी, की जिवाणूचा काही भाग आणि आपल्या हृदयाचा काही भाग दिसायला सारखा असतो. काही मुलांमध्ये राखणदार चकतात. चोर पळाला तरी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या घरच्याच माणसाला झोडपत बसतात. मार बसेल तिथे सूज येते, सांध्यांत आणि हृदयातसुद्धा. याला संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. म्हाताऱ्या माणसांची गुडघेदुखी ती वेगळी. हा ताप येतो मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांना.

डॉक्टरांची जुनी म्हण आहे, हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांध्याची सूज काही आठवड्यांत जाते, मागे काही राहत नाही. आपण म्हणतो, तेलाने गुण आला. हृदयाच्या झडपेवर मात्र वण राहतो. परत तसाच घसा दुखला की राखणदार परत चकतात, वणावर वण पडतो. झडप जाड होते, नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. मोटार राबते, पाणी मागे जातं. हृदयाचं तसंच होतं. राबून राबून ते थकतं, रक्त फुफ्फुसात तुंबतं. मग चढावर धाप, आडवं झोपलं की गुदमरणं, पायांवर सूज.

पुष्कळ बायकांना हे पहिल्यांदा कळतं ते बाळंतपणात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, खराब झडपेला तो भार पेलत नाही. "पोटुशीला धाप लागतेच" म्हणून सोडू नका. झोपल्यावर धाप लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपाय आहे, आणि तो जुनाच आहे: पेनिसिलिन. जिवाणूमुळे घसा दुखत असेल तर नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं की बहुतेक वेळा हा ताप टळतो. ताप येऊन गेला असेल, तर जिवाणू परत शिरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, निदान 5 वर्षं. झडप खराब असेल तर आणखी कितीतरी. सुई दुखते, खोटं कशाला बोलू. सोयाबीन काढणीत एक तारीख चुकते, मग दुसरी, आणि पोरगी तर धडधाकट दिसत असते. नेमकं इथेच घात होतो.

शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या तपासणीत हा आजारही आहे. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका, सांधेदुखी झाली असेल तर आपणहून सांगा. ऑपरेशनची वेळ आलीच, तर सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा.

त्या ताईंच्या मुलीची इको तपासणी झाली. झडपेला थोडी सूज निघाली. इंजेक्शनं सुरू झालीत. गटाच्या सचिवताईंनी बचतीच्या वहीतच तिच्या तारखा लिहून ठेवल्यात, हप्त्यासारखं आठवण करायला. पहिल्या दोन झाल्या, तिसरी पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आहे.