शिंगं दिसली, फूल राहिलं

पवनी तालुक्यातलं आसगाव हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानपट्ट्यातलं गाव. बांधीत पाणी राहावं म्हणून या भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांनी त्यांना सरळ ‘मामा तलाव’ करून टाकलं. जिल्ह्यातल्या असल्या तलावांत धीवर मंडळी मासळीबरोबर शिंगाडा काढतात.

उपासाच्या पिठापुरती ओळख असलेल्या शहरी माणसाला शिंगाडा कंद वाटतो. तो कंद नव्हे, फळ. चौकटच्या आकाराची दातेरी पानं पाण्यावर चक्रासारखी पसरतात. देठाला मध्येच हवेने भरलेला फुगा असतो, त्यावर सगळं तरंगतं. मधोमध चार पाकळ्यांचं नखाएवढं पांढरं फूल वर येतं. फळ धरलं की देठ वाकून पाण्याखाली जातो.

फूल इतकं देखणं, पण नाव पडलं ते शिंगांवरून! संस्कृतात शृंगाटक, त्यातूनच शिंगाडा. ‘ट्रापा’ हे शास्त्रीय नाव घोड्यांच्या पायांत रुतावेत म्हणून रणांगणात पसरायच्या लोखंडी काट्यांवरून आलं. बंगाली माणसाकडे ‘शिंगाडा’ मागितला तर तो तिकोनी समोसा पुढे करील. फळाला तिकडे पानीफल म्हणतात.

माणसांनाही हे नाव चिकटलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या धीमरांची एक पोटशाखा ‘सिंगारिया’ म्हणून नोंदली आहे, म्हणजे शिंगाडा लावणारे.

अमेरिकेत मात्र या कुळाची कीर्ती वाईट. तिथे एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियाकडून आलेली, चार शिंगांची जात न्यूयॉर्क राज्यातल्या नद्यांत माजली. आता ती उपटायला यंत्रं लावतात. आपल्याकडच्या फळाला बहुधा दोनच शिंगं.

बोटात रुतायला तेवढी पुरतात. तोडणारा वेल उलटा करतो, खालची जून फळं चाचपून खुडतो आणि वेल पुन्हा होता तसा पाण्यावर ठेवतो. कोवळी फळं पुढच्या तोडणीला.