पहिला रकाना

माझी अम्मी पंच्याऐंशीची आहे. तिला आता विसरायला होतं. रोज दिवेलागणीला ती विचारते, ‘तुझे अब्बा दुकानातून आले का रे?’ अब्बांना जाऊन बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिनं पाचव्यांदा विचारलं आणि मी ओरडलो, ‘किती वेळा सांगू? गेले ते!’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग ही बातमी आत्ताच कळावी तशी रडू लागली.

शेजारच्या सिस्टरांनी ते ऐकलं. त्या ख्रिस्ती, नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या. येऊन अम्मीजवळ बसल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, ‘सिस्टर, एवढा धीर तुम्हाला येतो कुठून?’ त्या हसल्या. ‘येतो कुठला! मी मूळची तापट. कमवावा लागतो.’

मग त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला, १८व्या अध्यायातला, येशूचा दृष्टान्त सांगितला. एका चाकरावर राजाचं डोंगराएवढं कर्ज होतं. त्यानं पाया पडून मुदत मागितली. राजानं सगळं कर्जच सोडून दिलं. बाहेर पडताच या चाकराला सोबतीचा एक चाकर भेटला. तो याचं शंभर नाणी देणं लागत होता. यानं त्याचा गळा धरला. त्यानंही तशीच विनवणी केली. पण यानं त्याला तुरुंगात टाकलं.

दोघांच्या विनवणीत मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. त्याचा अर्थ, राग यायला वेळ लावणं. ख्रिस्ती माणसाच्या धीराचं मूळ इथं आहे. देवानं माझं इतकं सोसलं, तर मी दुसऱ्याचं थोडं सोसायला नको का? पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हा गुण आत्म्याच्या फळांमध्ये मोजला आहे. फळ काही एका रात्रीत धरत नाही. आम्ही ज्याला सब्र म्हणतो, त्याच्या जवळचंच हे नातं.

पण धीर धरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू त्यांनी ठामपणे मांडली. पुढे दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायकामुलींचा व्याप सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करू लागल्या. ते काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. तरी लेखणी थांबली नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली.

एवढं मोठं काम आपल्याकडून कुठलं व्हायला! मी सिस्टरांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘वॉर्डात एकच पेशंट दहादा हाक मारायचा. आठव्या हाकेला चीड यायची. मग मी दारातच थांबायची, मनात प्रभूचं नाव घ्यायची, मगच आत जायची. आणि झोपताना प्रार्थनेत दोन रकान्यांचा हिशोब. आज माझं कुणी काय सोसलं, हा पहिला. मी कुणाचं सोसलं नाही, हा दुसरा. पहिला रकाना नेहमी मोठा निघतो.’

त्या रात्री मी हिशोब मांडायला बसलो. पहिल्या रकान्यात सगळीकडे अम्मीच. बी.ए.ला मी दोनदा आपटलो. अब्बा आठवडाभर बोलले नाहीत. अम्मीनं काहीही न विचारता दोन्ही वेळा उशीखालून फीचे पैसे काढून दिले होते.

आता ती अब्बांचं विचारते, तेव्हा मी दारात क्षणभर थांबतो, अल्लाहचं नाव घेतो आणि तिच्याजवळ बसतो. विचारतो, ‘अम्मी, अब्बांना जेवायला काय आवडायचं?’ मग ती खिचड्याची गोष्ट सांगते. कधी त्यात मीठ जास्त पडलेलं असतं, कधी कमी. अब्बा मात्र दर वेळी पोटभर जेवतात.

सगळे दिवस साधत नाही. परवाच दोनदा चिडलो. रात्री दुसऱ्या रकान्यात ते लिहिलं, आणि सकाळी तिला चहा देताना माफी मागितली. कशाची, ते तिला आठवत नव्हतं.