पाण्याच्या मर्जीतले रुस्ने

लिथुआनियाच्या पश्चिम टोकाला नेमुनस नदी समुद्राजवळ येते आणि तिला फाटे फुटतात. त्यांतल्या आत्माता आणि स्किर्विते या दोन फाट्यांच्या मधल्या बेटावर रुस्ने वसले आहे. वस्ती हजाराच्या आसपास. बेटावर वसलेले लिथुआनियातले हे एकमेव शहर. स्किर्विते ओलांडली की रशियाचा कालिनिनग्राद प्रांत लागतो. क्लायपेदा बंदराहून शिलुतेमार्गे इथे येतात. शिलुतेपासून पुढचा रस्ता जेमतेम नऊ-दहा किलोमीटरांचा. या एवढ्याशा रस्त्याने रुस्नेकरांच्या कित्येक पिढ्यांचा अंत पाहिला.

थंडी सरताना नदीच्या वरच्या अंगाला बर्फ आधी फुटते, मुखाकडे मात्र पात्र अजून गोठलेलेच असते. वरून वाहत आलेल्या लाद्या इथे अडकतात, पाणी तुंबते आणि कुरणांवर पसरते. रस्ता पाण्याखाली जातो. 2019 मध्ये उड्डाणपूल झाला, पण त्याआधी अशा दिवसांत माणसे आणि मोटारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून पलीकडे नेत. शाळा, दवाखाना, बाजार, सगळे पाणी उतरण्याच्या हिशेबाने चाले.

बेटाचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. लिथुआनियातली सर्वांत सखल जमीन इथलीच. कोकणातल्या खारबंदिस्तीची ज्याला सवय आहे त्याला इथले बांध, चर आणि दारे लगेच ओळखीची वाटतील. फरक हा की इथे नुसते दार उघडून भागत नाही, पाणी उपसून बाहेर टाकावे लागते. त्यासाठी उओस्तद्वारिस गावात 1907 साली वाफेवर चालणारे उपसा केंद्र उभारले गेले. आज तिथे संग्रहालय आहे. शेजारी 1876 चे विटांचे दीपगृह आहे. मला त्या दीपगृहापेक्षा हे केंद्र मोलाचे वाटते, कारण बेटावरचे गवत, गाई आणि घरे त्या उपशाच्या जिवावर उभी राहिली.

नदी जिथे मिळते ते कुरोनियन लगून हिवाळ्यात गोठते आणि मग स्तिंताची मासेमारी सुरू होते. हा छोटासा चंदेरी मासा. ताजा असताना त्याला चक्क काकडीचा वास येतो. कोळी बर्फाला भोके पाडून खाली जाळी सोडतात. एका लांब फळीचे टोक भोकात घालतात आणि वर राहिलेल्या भागावर लाकडी मोगरीने ठेका धरतात. त्या धमधमीने मासळी जाळ्याकडे वळते. मोटारीने बर्फ फोडणारी यंत्रे आली, तरी हा ठोका टिकून आहे.

इथली माणसे मात्र टिकली नाहीत. रुस्ने शतकानुशतके प्रशियात आणि पुढे जर्मनीत होते. लिथुआनियन बोलणारे लुथरपंथी कोळी, जर्मन आणि ज्यू इथे शेजारी राहत. वरच्या जंगलांतले लाकूड तराफ्यांनी इथे उतरे आणि व्यापार चाले. 1923 मध्ये हा टापू लिथुआनियाकडे आला आणि मार्च 1939 मध्ये हिटलरने तो परत घेतला. ज्यू कुटुंबे जीव घेऊन पळाली. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्यावर उरलेल्यांपैकीही बहुतेकांनी गाव सोडले. युद्धानंतर रिकाम्या घरांत दुसरीकडची माणसे येऊन राहिली.

या गावाने जपलेले एक नाव आपल्याशी जोडलेले आहे. हेर्मान कालेनबाख यांचा जन्म 1871 चा, जवळच्या जेमाइच्यू नाउमिएस्तिस गावातला. बालपण रुस्नेच्या नदीकाठी गेले. वास्तुशास्त्र शिकून ते 1896 मध्ये जोहान्सबर्गला गेले आणि तिथे गांधीजींचे जिवलग झाले. 1910 मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी त्यांनी आपली अकराशे एकर जमीन दिली. तेच टॉलस्टॉय फार्म. एका ख्रिस्ती मठातून ते चपला शिवायला शिकून आले आणि गांधीजींनी ती विद्या त्यांच्याकडून घेतली. 1914 मध्ये दोघे भारतात यायला निघाले, पण वाटेत युद्ध पेटले. कालेनबाख जर्मन नागरिक, म्हणून इंग्रजांनी त्यांना अटकावून ठेवले. मित्राची भेट थेट 1937 मध्ये झाली, आणि तेव्हा ते वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामलाही राहून गेले. 2 ऑक्टोबर 2015 रोजी रुस्नेत दोघांचा एकत्र पुतळा उभारला गेला. मूर्तिकार रोमुआल्दास क्विंतास.

आपल्याकडचे प्रवासी त्या पुतळ्यापाशी फोटो काढून परततात. त्यांनी थोडे पुढे जावे, असे मला कळकळीने वाटते. उत्तरेला व्हेंतेस रागसच्या भूशिरावर 1929 पासून स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या जातात. शरद ऋतूत तिथे मोठमोठ्या जाळ्यांत पक्षी धरून, नोंद करून सोडताना पाहता येते. आणि पूर्वेला नाउमिएस्तिसला तर जायलाच हवे. तिथल्या ज्यूंची 1941 मध्ये कत्तल झाली. कालेनबाख तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते. त्यांच्या जन्मगावातला तो समाज त्या वर्षी संपला.