सुपरमॅनला उडवणारी माणसं

केविन बर्न्स या दिग्दर्शकाने 2006 साली सुपरमॅनच्या पडद्यावरच्या प्रवासावर एक माहितीपट केला. 'लुक, अप इन द स्काय! दि अमेझिंग स्टोरी ऑफ सुपरमॅन' हे त्याचं नाव. त्याच वर्षी 'सुपरमॅन रिटर्न्स' हा चित्रपट येऊ घातला होता. त्याचा दिग्दर्शक ब्रायन सिंगर माहितीपटाच्या निर्मात्यांमध्ये होता आणि निवेदन केलं होतं केविन स्पेसीने, म्हणजे त्या चित्रपटातल्या खलनायकाने, लेक्स ल्यूथरने. तेव्हा हा घरचाच सोहळा, हे उघड आहे. कौतुकाचा सूर जरा वरचा लागतो. पण सत्तरेक वर्षांच्या चित्रफिती एका जागी बघायला मिळतात, आणि ही मिळकत मला फार मोलाची वाटते. या प्रवासातल्या कुरबुरी, खटले, नटांच्या शोकांतिका यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मी मात्र हा माहितीपट एकाच प्रश्नाचा माग काढत पाहतो: हा माणूस पडद्यावर उडतो कसा?

मुळात तो उडतच नव्हता. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी रंगवलेला सुपरमॅन 1938 साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा तो फक्त उड्या मारत असे. एका उडीत फर्लांगभर, म्हणजे दोनशे मीटर. कागदावर ते शोभून दिसायचं. पुढे फ्लाइशर बंधूंच्या स्टुडिओने 1941 पासून त्याचे कार्टूनपट काढले. हलत्या चित्रात हा बलदंड पुरुष सारखा टुणटुण उड्या मारताना विचित्र दिसायला लागला, म्हणून चित्रकारांनी त्याला सरळ हवेत तरंगत ठेवलं, असं सांगतात. रेषेचं वजन कागदाइतकंच, त्यामुळे इथे अडचण नव्हती. ते कार्टूनपट आजही देखणे वाटतात. काळोखी शहरं, प्रकाशाचे झोत, लांबच लांब सावल्या.

अडचण आली ती हाडामांसाचा माणूस उभा करताना. कोलंबिया कंपनीची पंधरा भागांची मालिका 1948 मध्ये चित्रपटगृहांत लागली. कर्क अ‍ॅलिन सुपरमॅन झाला होता. त्याला तारांनी टांगून पाहिलं, पण तारा पडद्यावर दिसायला लागल्या. मग निर्मात्याने सोपा मार्ग काढला: अ‍ॅलिन पळत येतो, झेप घेतो आणि त्या क्षणी त्याच्या जागी कार्टून उडायला लागतं. खाली उतरलं की पुन्हा अ‍ॅलिन. आज हे बघताना डोळ्यांना खटका बसतो. पण पैशांची ओढाताण असलेल्या त्या मंडळींनी प्रश्न टाळला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

दूरचित्रवाणीवर 1952 ते 1958 या काळात जॉर्ज रीव्ह्‌जने ही भूमिका केली. एकूण 104 भाग झाले. सुरुवातीचे भाग कृष्णधवल होते, आणि त्यांत त्याचा पोशाख करड्या आणि तपकिरी रंगांचा होता, कारण निळा-लाल त्या फिल्मवर नीट उठत नसे. तारांवरून पडल्यावर रीव्ह्‌जने तारांचा नाद सोडायला लावला. मग जिम्नॅस्ट वापरतात तसली स्प्रिंगची फळी कॅमेऱ्याच्या चौकटीखाली ठेवली जायची. रीव्ह्‌ज धावत येऊन तिच्यावरून झेपावायचा आणि चौकटीबाहेरच्या गाद्यांवर पडायचा. चाळिशी गाठलेल्या त्या माणसाची ती झेप आजही खरी वाटते, कारण ती खरीच होती.

नंतर आला 1978 चा 'सुपरमॅन'. माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल, असं जाहिरातीतच छापलं होतं. दिग्दर्शक रिचर्ड डॉनरच्या चमूने इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत काय काय करून पाहिलं! तोफेतून पुतळा डागला, रिमोटवर चालणारं सुपरमॅनच्या आकाराचं विमान उडवलं, अ‍ॅनिमेशन करून बघितलं. काहीच पटेना. निळ्या पडद्यापुढे शूटिंग करायचं तर पोशाखही निळा, त्यामुळे अंगच पार्श्वभूमीत विरघळायला लागलं.

वाट सापडली ती झोरान पेरिसिच या युगोस्लाव्हियातून आलेल्या तंत्रज्ञाच्या 'झोप्टिक' यंत्राने. याची करामत समजून घेण्यासारखी आहे. नटाच्या मागे एक पडदा असतो, बारीक काचमण्यांचा. रस्त्यावरच्या पाट्या रात्री गाडीच्या दिव्यात चमकतात ना, तेच हे द्रव्य. त्यावर पडलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये तिरपा, अर्धपारदर्शक आरसा बसवलेला असतो, त्यामुळे दोघांची नजर एकाच रेषेत येते. आकाशाचं चित्र कॅमेऱ्याला लख्ख दिसतं, नटाच्या अंगावर पडलेलं चित्र इतकं फिकट की कळतच नाही, आणि त्याची सावली त्याच्याच पाठीमागे लपते. इथवरचं तंत्र जुनंच होतं. पेरिसिचने दोन्हीकडे झूम भिंगं लावली आणि ती एकमेकांना जोडून टाकली. प्रोजेक्टर पडद्यावरचं आकाश लहान करतो, त्याच प्रमाणात कॅमेरा पुढे झेपावतो. हिशेब फिटतो, आकाश चौकटीत होतं तेवढंच राहतं. मोठा होत जातो फक्त मधे अडकवलेला नट. जागचा न हलता तो आपल्या अंगावर येतो.

मात्र यंत्र नटाला जवळ आणतं, उडायचं त्यालाच असतं. क्रिस्टोफर रीव्ह स्वतः वैमानिक होता, ग्लायडर उडवायचा. तो वळतो तेव्हा आधी नजर जाते, मग खांदा कलतो, मग बाकीचं अंग मागून येतं. पोटाखाली साचा, कमरेला दांडा, समोर पंखा, आणि चेहऱ्यावर त्रासाची रेघ नाही. माझ्या मते पेरिसिचच्या यंत्राला अर्थ आला तो या शरीरामुळे.

या कामासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार सहा जणांना मिळाला. त्यांत पेरिसिच होता, आणि लेस बोवी हा ब्रिटिश ट्रिक-फोटोग्राफीतला जुना जाणता. पुरस्कार समारंभाआधीच, 1979 च्या जानेवारीत, बोवी वारला होता.

पुढचं पटकन सांगण्यासारखं आहे. 1987 च्या चौथ्या चित्रपटात पैसा कापला गेला आणि उड्डाणाचं तेच ते दृश्य पार्श्वभूमी बदलून पुन्हापुन्हा लावलं. नट तोच, रीव्ह. प्रेक्षकांना ते लगेच कळलं. 2001 मध्ये सुरू झालेल्या 'स्मॉलव्हिल' या दूरचित्रवाणी मालिकेच्या लेखकांनी तर नियमच केला: उड्डाण नाही आणि तो घट्ट पोशाखही नाही. तरुण क्लार्क केंटची, म्हणजे पोशाख चढवण्याआधीच्या सुपरमॅनची, गोष्ट जमिनीवरच सांगायची. ती मालिका दहा वर्षं चालली.

माहितीपट बघायचा विचार असेल तर आधी 1978 च्या चित्रपटातला नायिका लोइस हिच्या गच्चीवरचा प्रसंग पाहून घ्या. सुपरमॅन कठड्यावरून आकाशात निघून जातो, लोइस भारावल्यासारखी आत वळते, दारावर थाप पडते आणि क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेषातला तोच सुपरमॅन, आत येतो. मधे कुठेही काप नाही. गच्चीतून उडालेला रीव्ह आधी चित्रित करून मागच्या पडद्यावर सोडलेला, दारातला रीव्ह प्रत्यक्ष. ते एकदा पाहिलं की माहितीपटात दिसणारी अ‍ॅलिनची कार्टून-झेप आणि जॉर्ज रीव्ह्‌जची फळीवरची उडी यांच्याकडे बघायची नजर बदलते.