वैनगंगेवरची ती तार

बोरी अरब गावाच्या शिवारात मान वर करून बघा. विजेचे खांब लगेच दिसतात, तार मात्र आभाळात विरघळते. वैमानिकाचंही तेच होतं.

26 एप्रिल 2017. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं छोटं प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर अगदी खाली होतं. नदीचं पाणी मोजायला आडव्या बांधलेल्या तारेला ते धडकलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले.

तार नसली तरी कसरतींत धोका आहेच. 60 अंश कलून, उंची न सोडता वळलं की पंखांवरचा भार दुप्पट. साध्या विमानाची मर्यादा साधारण 3.8 पट, भरवेगात नाक खसकन वर ओढलं तर तीही ओलांडते, आणि पंख तुटूही शकतो.

23 जून 1980 ला दिल्लीत संजय गांधींचं पिट्स विमान कसरत करताना कोसळलं. पिट्स तर कसरतींसाठीच बांधलेलं, पंख दणकट. जमीनच फार जवळ होती.