सायकल शरीराला साजेशी हवी

बेल्जियमचे एडी मर्क्स हे सायकल शर्यतींच्या इतिहासातील एक थोर नाव. १९४५ मध्ये जन्मलेल्या मर्क्स यांनी ‘टूर द फ्रान्स’ आणि ‘जिरो द इटालिया’ या दोन्ही खडतर शर्यती प्रत्येकी पाच वेळा जिंकल्या. मात्र या यशाला वेदनेची किनार होती.

सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथे शर्यत सुरू असताना त्यांना भीषण अपघात झाला. त्यांच्यापुढे गतिवाहन चालवणारे सहकारी मृत्युमुखी पडले आणि मर्क्स यांची पाठ व कंबर कायमची दुखावली. त्यानंतर आराम मिळावा म्हणून ते सीटची उंची वारंवार बदलत, कधी कधी तर भर शर्यतीतही. अशा शरीरानिशी त्यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला.

१९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांनी त्यांनी ब्रुसेल्सजवळ सायकलींचा कारखाना काढला. इटलीचे निष्णात कारागीर उगो दे रोझा यांचे त्यांना साहाय्य लाभले. सीटच्या उंचीतील किंचित फरकही शरीराला कसा जाणवतो, याचा अनुभव या उत्पादकाने स्वतः घेतलेला होता.

तो अनुभव आपल्याही उपयोगाचा आहे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असली तर गुडघ्यावर ताण येतो. फार वर असली तर कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते. तोल सावरणे कठीण झाले असेल, तर घरातील स्थिर सायकल अधिक सुरक्षित. हृदयविकार, चक्कर किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मर्क्स यांनाही वयाने सवलत दिली नाही. २०१३ मध्ये त्यांना पेसमेकर बसवावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, सायकलवरून पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले व शस्त्रक्रिया करावी लागली. जगज्जेत्यालाही जे टळले नाही, ते आपल्या घरात घडू शकते, हे काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. म्हणून आजोबांची सायकल कुलपात ठेवण्याची घाई करू नये. त्यांच्याशी बोलून वेळ, रस्ता आणि सोबत ठरवावी. हेल्मेटचा आग्रह मात्र सोडू नये.