सहा ओळींचा प्रश्न

अमेरिकेतल्या हायस्कूलमधली मुलं शनिवारी सुट्टी असूनही शाळेत येतात, ती 'क्विझ बोल' खेळायला. चार-चार जणांचे दोन संघ, प्रत्येकाच्या हाताशी बझर, समोर प्रश्न वाचणारा. प्रेक्षक जवळजवळ नसतातच.

या खेळाचं मूळ डॉन रीड यांच्या 'कॉलेज बोल'मध्ये आहे. १९५३ साली तो रेडिओवर आला, १९५९ मध्ये टीव्हीवर गेला आणि पुढे शाळांनीही तो उचलला. १९९६ मध्ये स्थापन झालेली एनएक्यूटी ही संस्था शाळांना प्रश्नसंच पुरवते आणि १९९९ पासून हायस्कूलची राष्ट्रीय स्पर्धाही भरवते.

पण खरी कमाल प्रश्नाच्या घडणीत आहे. 'टॉस-अप' म्हणजे दोन्ही संघांना खुला असलेला प्रश्न. तो पाच-सहा ओळींचा असतो आणि अवघडाकडून सोप्याकडे उतरत जातो. समजा, वाचणाऱ्याने सुरुवात केली : 'पहिल्या महायुद्धात या व्यक्तीने क्ष-किरण यंत्रं बसवलेल्या मोटारी आघाडीवर नेल्या...' इथेच एखादी मुलगी बझर दाबते, कारण तिने चरित्र मन लावून वाचलेलं असतं. बाकीचे थांबतात. पुढे पिचब्लेंड या खनिजाचा उल्लेख येतो, मग पोलोनियमचा, आणि शेवटी 'दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी पोलंडची कन्या'. आता मेरी क्युरी हे नाव सगळ्यांच्याच ओठांवर असतं.

उत्तर एकच, पण ज्याला जास्त ठाऊक, त्याला ते आधी सुचतं. बरोबर उत्तराला १० गुण. प्रश्नातल्या ठरावीक शब्दाच्या आत दिलं, तर १५. प्रश्न मध्येच तोडून चुकलात, तर ५ गुण वजा, आणि उरलेला प्रश्न समोरच्या संघाला निवांत ऐकायला मिळतो. म्हणून अर्धवट माहितीवर बझर दाबायची घाई महागात पडते. टॉस-अपला आपसात कुजबुजायची मुभा नाही. तो जिंकल्यावर मिळणाऱ्या 'बोनस'ला मात्र चौघांनी डोकी एकत्र आणायची. संगीत जाणणारा, रसायनशास्त्रात रमणारा, इतिहासाचं वेड असलेला असे वेगवेगळे गडी संघात लागतात ते यासाठीच.

आपल्या शाळांतल्या प्रश्नमंजूषेत एका ओळीचा प्रश्न येतो. उत्तर सगळ्यांनाच पाठ असतं आणि ज्याचं बोट चपळ तो जिंकतो. ज्याने पाठ्यपुस्तकापलीकडे चार पुस्तकं वाचली, त्याच्या वाचनाला तिथे काही मोलच उरत नाही. मला हे फार खटकतं.

शिक्षकमित्रांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी सावित्रीबाईंवर किंवा सी. व्ही. रामन यांच्यावर असा सहा ओळींचा एक प्रश्न लिहून बघा. सर्वांत अवघड ओळ आधी, नाव सुचवणारी ओळ शेवटी. बझर नसेल, तर टेबलावरची घंटाही चालेल.